टायटॅनियमला पेस्ट

व्हॉल्व विकत घेताना मी तो आधी दुकानदाराच्याच काउंटरवर ठेवतो. दांडी काचेवर, टोपी काचेच्या कडेबाहेर, आणि मग बोटानं हळूच लोळवतो. दांडी सरळ असेल तर टोपी जागच्या जागी फिरते. केसभर वाकलेली असेल तरी टोपी लंगडते. मग धातू कोणता ते कळायला चुंबक लावतो. मग खिशातला मायक्रोमीटर काढून दांडी वर, मध्ये आणि खाली मोजतो. एवढं होईतो दुकानदाराचा निम्मा जोर गेलेला असतो आणि भावाची गोष्ट तिथून सुरू होते. माल आवडला हे मी चेहऱ्यावर कधी येऊ देत नाही. तीस वर्षांत एकदाच येऊ दिलं, त्याची ही हकीगत आहे.

माझं काम दिग्रसला, जिनिंगच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. पूर्ण इंजिन मी घेत नाही, फक्त हेड घेतो. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दरवाजे त्यात असतात, तेच व्हॉल्व. ट्रकच्या गॅरेजात मी तेराव्या वर्षी लागलो आणि हेडमध्येच जन्म काढला. पुढे मातीच्या मैदानावर मोटरसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या आणि पुसद, यवतमाळ, अमरावतीची पोरं हेड घेऊन यायला लागली. शर्यतीचं इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. म्हणजे एकेक व्हॉल्व सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. मिटताना तो ज्या कड्यावर बसतो त्याला सीट म्हणतात. ती बसणी जराशी चुकली की सगळी ताकद फटीतून निघून जाते. हे काम करणारा जिल्ह्यात दुसरा नव्हता. आजही माझ्या माहितीत नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. हे नाव मी स्वतः कमावलं आहे, कोणी ताटात वाढलेलं नाही.

एकट्यानं कमावलं असं मात्र म्हणता येणार नाही. अकरा वर्षं माझ्यासोबत एक जोडीदार होता, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरचा, घरी आईशी गोर बोलीत बोलणारा, माझ्याशी शक्यतो न बोलणारा. लेथ त्याची, सीट कापणं त्याचं. व्हॉल्व निवडणं, घासणं, बसवणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं माझं. तो हातानं कटर फिरवायचा. तीन कोनांचे तीन कट, आणि मधलं कडं इतकं बारीक की पांढरा दोरा गोल ठेवल्यासारखं दिसावं. कापताना तो डोळे मिटायचा. एकदा मी म्हटलं, "झोपला काय बे?" तर म्हणाला, "भाऊ, पाह्यलं का हात चुकते."

सहा वर्षांपूर्वी पुसदचा एक तरुण बाहेरदेशी बनलेली, जुनी विकत घेतलेली शर्यतीची गाडी घेऊन आला. तिचे हवेकडचे दोन व्हॉल्व टायटॅनियमचे होते आणि ते झिजले होते. पोरगं म्हणालं, "काका, तुम्ही ठरवा."

ठरवायचं ते हेच होतं. टायटॅनियम हलकं असतं, त्यामुळे इंजिन वरच्या फेऱ्यांना मोकळं पळतं. पण ते मुळात मऊ. त्यावर कडक मुलामा असतो आणि सगळा जीव त्या मुलाम्यात. स्टीलचा व्हॉल्व जड असतो, त्याला कडक स्प्रिंग लागते, वरचा थोडा दम जातो, पण तो टिकतो.

जोडीदार म्हणाला, "इस्टीलचे टाकू भाऊ. या पोराची गाडी धुळीत चालते. धूळ खाल्ली का ते नाजूक सामान जाते."

"तुले काय समजते वॉलमधलं? तू तुही सीट पाह्य."

"मी फक्त म्हटलं."

"कायले म्हणतं मंग?"

खरं सांगायचं तर मी नागपुरातल्या एका दुकानातून तसलेच नवे व्हॉल्व आधीच विकत घेऊन आलो होतो. तिथं एक तळहातावर ठेवला तेव्हा हात आपोआप वर गेला. मनानं वजन धरून ठेवलेलं आणि वस्तूला वजनच नाही. जन्मभर ट्रकचे व्हॉल्व उचललेला माणूस मी. तोंडावर हसू आलं आणि दुकानदारानं ते पाहिलं. त्या दिवशी त्यानं एक रुपया सोडला नाही.

जोडीदारानं सीट कापली. मी पेस्ट लावली.

पेस्ट म्हणजे वाळूसारखी खरखरीत काळी चिकट घासणी. व्हॉल्वच्या कडेला ती लावायची, रबराची वाटी असलेली काठी टोपीला चिकटवायची आणि दोन्ही तळहातांत काठी फिरवायची, ताक घुसळल्यासारखी. आधी गर्र गर्र आवाज येतो. व्हॉल्व आणि सीट दोघांची जात जुळली की आवाज मऊ होतो, सुर्र सुर्र. माझ्या उस्तादानं सांगितलं होतं, पेस्ट न लावता व्हॉल्व बसवणं म्हणजे हळद न लावता नवरदेव उभा करणं. मी हजारो व्हॉल्व असे बसवले होते. हेही दोन बसवले. जोडीदार बाजूला उभा राहून हात पुसत होता. त्यानं पाहिलं आणि तो काही बोलला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर चार वर्षं मी याच गोष्टीवर काढली.

शर्यत अमरावतीकडे होती. पहिल्या फेरीत गाडी अशी सुटली की पोराचा बाप माझ्या पाठीवर थाप मारून गेला. दुसऱ्या फेरीत ती मध्येच दम तोडायला लागली आणि वळणावर बंद पडली ती पुन्हा सुरू होईना. ताडपत्रीखाली आम्ही झाकण उघडलं. व्हॉल्व आणि तो दाबून उघडणारा कॅम यांच्यात कागदाएवढी फट असावी लागते, तिथं फटच नव्हती. व्हॉल्व सीटमध्ये वर घुसले होते, त्यामुळे ते पूर्ण मिटत नव्हते. पोरगं हेल्मेट घेऊन उभं, त्याचा बाप उभा, शेजारच्या तंबूतले आठ-दहा जण उभे.

मी जोडीदाराकडे वळलो. "सीट कापली का खड्डा खंदला बे? अकरा वर्स झाले, अजून हात बसला नाई तुहा?"

त्यानं हेडमध्ये बोट घालून पाहिलं आणि बोट पुसलं.

"बोल ना! तोंडात काय कोंबलं? नाव माहं जाते, तुहं नाई!"

पोरानं म्हटलं, "जाऊ द्या काका." मी त्यालाही झिडकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदार शेडमध्ये आला, त्यानं कटरचा डबा उचलला आणि गेला. आठ दिवसांनी टेम्पो आणून लेथ नेली. मी आत बसून होतो. मला वाटलं, येईल. भांडणं आधीही झाली होती. भाव करताना समोरचा उठून दाराशी जातो तेव्हा त्याला हाक मारायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. हाक मारली की भाव गेला. म्हणून मारली नाही. नंतर कळलं की तो दारव्ह्याला गेला आणि कोणाच्या तरी वर्कशॉपमध्ये जिनिंगचे रोलर आणि नांगराचे बुश करतो.

मी नवा कटर घेतला आणि सीट स्वतः कापायला लागलो. त्या पोराच्या गाडीत स्टीलचे व्हॉल्व टाकून दिले.

दोन वर्षांनी नागपूरकडच्या एका मैदानावर माझ्या शेजारी दक्षिणेकडचा एक मेकॅनिक बसला होता. तो तसलेच टायटॅनियमचे व्हॉल्व बसवत होता. कडेला निळा रंग लावायचा, व्हॉल्व सीटवर एकदा टेकवायचा, उचलून खूण पाहायची. बाकी काही नाही. मला वाटलं याची पेस्ट संपली असेल. मी माझा डबा पुढं केला. "ले भाई, शरमा मत."

तो हसला. "चाचा, ये टाइटेनियम है. पेस्ट लगाया तो ऊपर का कोटिंग गया. फिर दो रेस में वॉल्व अंदर घुस जाएगा."

मी डब्याचं झाकण लावलं. झाकण आट्यांत बसेना, तिरपं फिरत राहिलं. तो त्याच्या कामाला लागला होता. त्याला काय माहीत, तो कोणाला काय सांगून बसला ते.

इथं मी जे केलं ते लिहायला नको वाटतं, पण तेच लिहायला बसलो आहे. गाडीतून परत येताना यवतमाळ येईपर्यंत मी स्वतःला सोडवून घेतलं. माझं चुकलं, ठीक. पण तो बाजूला उभा होता. तो शिकलेला, मोबाइलवर माहितीची पुस्तकं उघडून वाचणारा. त्याला माहीत असणारच. त्यानं मला पेस्ट लावू दिली, कारण मी त्याचं स्टीलचं ऐकलं नव्हतं. माझी फजिती व्हावी म्हणून तो गप्प राहिला. दारव्ह्याचा फाटा येईपर्यंत माझी खात्री झाली होती. बस तिथं थांबली, आणि मी खिडकीतून दुसरीकडे पाहिलं.

चार वर्षं हा राग मी सांभाळला. खरं म्हणजे शेडमध्ये सोबतीला दुसरं कोणी नव्हतंच. बायको मुलीकडे नागपूरला असते, नातवासाठी. महिन्यातून चार दिवस येते आणि शेडमध्ये पाय ठेवत नाही. गिऱ्हाईक येतं, हेड ठेवतं, उभ्याउभ्या बोलतं आणि जातं. माझ्याकडे कोणी बसत नाही. दुपारी मी डबा घरून आणत नाही, स्टँडसमोरच्या हॉटेलात जातो, कारण तिथं लोक बोलत असतात. शेडमध्ये मी व्हॉल्वची दांडी जिच्यात सरकते ती नळी पाहून मोठ्यानं म्हणतो, "हे गाइड जुनं झालं," आणि कोणी "नाई भाऊ, चालते अजून," म्हणत नाही. आपलं म्हणणं खोडणारं कोणी नसलं की माणूस बरोबर असतो की चूक, हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं.

यंदा दिवाळीनंतर, जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती तेव्हा, पुसदचा तोच तरुण हेड घेऊन आला. नवी गाडी, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी स्टील सांगितलं आणि तो हो म्हणाला. व्हॉल्व मी उत्तम आणले, त्याबद्दल शंका नाही. पण सीट कापायला बसलो तर कटर थरथरायला लागला. कड्यावर बारीक लाटा उठल्या, वाऱ्यानं पाण्यावर उठतात तशा. पुन्हा कापलं, पुन्हा लाटा. सीट किती वेळा कापायची याला मर्यादा असते, मग ती संपते. चारपैकी दोन सीटवर मी ती मर्यादा जवळजवळ गाठली होती. अजून एकदा चुकलो असतो तर हेड भंगारात.

हेड आणि कटर पिशवीत घातला आणि दारव्ह्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. माझ्या मांडीवर पिशवी आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी. मनात ठरवत होतो. हिस्सा आधी तिसरा होता, आता निम्मा म्हणायचं. त्यानं फार ताणलं तर लेथची जागा त्याच्या नावावर. आणि आधी त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं की तो जाणूनबुजून गप्प राहिला. ते कबूल झालं की मी मोठेपणानं सोडून देणार होतो.

वर्कशॉप बाजाराच्या मागं होतं. तो लेथवर वाकलेला होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यानं मशीन बंद केली नाही.

"या भाऊ."

"आलतो इकडं. म्हटलं भेटून जाव."

"बरं केलं."

मी स्टूल ओढून बसलो. आई कशी आहे विचारलं. म्हणाला, "याडी गेली. दोन वर्स झाले." मला कोणी कळवलं नव्हतं. कोण कळवणार?

मग मी मुद्द्यावर आलो. "त्या टायटॅनियमच्या वॉलले पेस्ट लावाची नसते, हे तुले मालूम होतं. मी लावून राह्यलो होतो तवा तू पाहून राह्यला होता. काहून नाई बोलला?"

त्यानं आता मशीन बंद केली. "काय लावाची नसते?"

"पेस्ट. कोटिंग जाते. त्याच्यानंच वॉल आत घुसले."

"मले नाई मालूम." तो माझ्याकडे पाहत राहिला. "मले काहून मालूम असन? वॉलचं तू पाहत होता. तू येवढा छातीठोक करून राह्यला होता, मले वाटलं असंच असते." मग म्हणाला, "म्हंजे सीट?"

"सीट काय?"

"माही सीट बरोबर होती?"

खोटं बोलायची सवय मला भावापुरती आहे. इथं भाव नव्हता. मी म्हटलं, "बरोबर होती."

तो लेथच्या पाटीवर टेकला. हातातलं फडकं त्यानं एकदा उलगडलं आणि पुन्हा घडी केली. "त्या दिवसापासून मी सीटले हात नाई लावला भाऊ. मले वाटलं हात गेला. याडीले पण सांगतलं, आता ते बारीक काम आपल्याच्यानं होत नाई. कटरचा डबा इकून टाकला."

चार वर्षं मी ज्या रागावर बसलो होतो तो माझ्याखालून निघून गेला. नुसता निघून गेला असता तरी चाललं असतं. पण मी एका माणसाला त्याच्याच हाताबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि दोन वर्षांनी मला खरं कळल्यावरही चार वर्षं दारव्ह्याच्या फाट्यावरून तिकडं न पाहता गेलो होतो. मला काही सुचलं नाही की एकच सुचतं.

"चाल वापस. निम्मा हिस्सा. लेथची जागा तुह्या नावानं करतो."

"तू अजून भावच करून राह्यला."

"मंग काय पाह्यजे तुले, ते तर सांग!" माझा आवाज चढला. पलीकडचा वेल्डर थांबून पाहू लागला.

त्यानं पिशवीकडे बोट केलं. मी हेड काढून दिलं. त्यानं डोळे मिटून अंगठा सीटवरून फिरवला, एकीवरून, मग दुसरीवरून. "दाबलं तू," तो म्हणाला. "कटरले वजन द्याचं नसते. फिरवाचं फक्त. तो आपल्या वजनानं कापते." अंगठा पुन्हा फिरवला. "अजून एक कट निंगन याच्यात. एकच."

"मंग काप ना."

त्यानं हेड माझ्या हातात परत दिलं. "त्या पोरासमोर म्हटलं होतं तू मले. त्याच्या बापासमोर. त्याले सांग, सीट बरोबर होती म्हून. मंग पाहू."

"आत्ता फोन लावतो."

"फोन नाई. समोर म्हटलं, समोर सांग."

"त्याच्या बापाले पण?"

"पोराले सांगतलं तरी चालन."

एवढीच सूट मिळाली, आणि तीही मी मागितली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला असा भाव सांगितला की ज्यात आणखी घासाघीस करायला जागा नव्हती.

पोरगं रविवारी आलं. त्याला वाटलं हेड तयार आहे. मी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला तेव्हा स्टूल त्याच्या पायाशी सरकवलं. मी सगळं सांगितलं. पेस्ट, मुलामा, व्हॉल्व का घुसले, कोणाची चूक आणि कोणाला बोललो. सांगताना माझी नजर त्याच्या बुटांवर होती. सांगून झालं तेव्हा तो थोडा हसला.

"काका, तेव्हाचं कशाला काढता? मला तर आठवतही नाही. गाडी बंद पडली होती एवढं लक्षात आहे."

"मी त्याले तुह्यासमोर बोललो होतो."

"तुम्ही तर सगळ्यांनाच बोलता काका," तो म्हणाला, वाईट वाटून न घेता, आणि हेड कधी मिळेल ते विचारून गेला.

मी दारव्ह्याला फोन लावला. मागं लेथ चालू होती.

"सांगतलं."

"समोर?"

"समोर. स्टुलावर बसवून."

"काय म्हणाला?"

"आठवत नाई म्हणाला."

लेथ थांबली. मग तो म्हणाला, "मले आठवते भाऊ." आणि त्यानंतर, वेगळ्या आवाजात, कामाच्या आवाजात, "हेड बसनं पाठवून दे. कटर पण पाठव, माह्याजवळ नाई."

"तूच ये ना इकडं. एक दिवस. शेड तशीच आहे."

"नाई भाऊ. तिथं नाई जमन मले."

मी फोन ठेवला. बोलण्यासारखं माझ्याजवळ खरं तर एक होतं. मी रागीट, मी तोंडाचा खराब, हे सारं दिग्रस जाणतं. अकरा वर्षं सोबत राहून त्यालाही ते ठाऊक होतं. मग त्या एका दिवशी माझं बोलणं त्यानं खरं का मानलं? उलटून दोन शब्द का नाही बोलला? दुसरा कोणीही बोलला असता, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत भांडून पुन्हा हेड उघडलं असतं. ही तक्रार माझ्या मनात अजून आहे. ती त्याला सांगता येत नाही, कारण तो पुन्हा माझंच खरं मानेल.

हेड मी सुती फडक्यात बांधलं, चारही सीटमध्ये कापडाचे बोळे घातले, वर पोत्याचा तुकडा शिवला. कटर वेगळ्या खोक्यात. त्याचं नाव आणि दारव्हा असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. स्टँडवर दुपारची गाडी लागली होती. कंडक्टरला म्हटलं, सांभाळून ने, आदळू नको. त्यानं पार्सल सीटखाली सरकवलं आणि विचारलं, उतरवून घ्यायला तिकडं कोण येईल? मी त्याला जोडीदाराचं नाव सांगितलं. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत थांबलो, आणि मग जिनिंगच्या रस्त्यानं शेडकडे चालत निघालो.